जळालेल्या डोंगराचा रकाना कुठं आहे?

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं आणि त्यांच्या बैठकांना बसणारे महसूल, वन व कृषी खात्यांचे अधिकारी

विषय : यंदाचे वणवे आणि त्यांची कुठंच न झालेली नोंद

साहेब, नमस्कार.

आज 15 जून 2025. 15 फेब्रुवारीला सुरू झालेला वणव्याचा हंगाम सरकारी कागदावर आज संपतो. डोंगरावर तो कधीच संपला होता. मान्सून 24 मेला केरळात आला, 26 मेला मुंबईत, आणि त्याच्या आधीपासूनच आमच्याकडं अवकाळी कोसळत होता. कांदा भिजला, आंबा गळाला, लोकांनी कपाळाला हात लावला. डोंगर मात्र विझला. तो तुम्ही विझवला नाही, आम्हीही नाही, ढगांनी विझवला. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढं श्रेयावरून वाद नको.

मी बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावात ई-सेवा केंद्र चालवतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की हे पत्र एका गावाची तक्रार ठरेल, आणि तक्रारीवर 'चौकशी करून अहवाल सादर करावा' एवढा शेरा मारला की काम भागतं. दुकानात एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन, बाहेर बाकडं. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, ई-केवायसी, आता फार्मर आयडी. गावाचं दुःख माझ्याकडं येतं ते रकान्यात बसूनच येतं. गारपीट झाली, रकाना आहे. अतिवृष्टी झाली, आहे. वीज पडून बैल गेला, त्यालाही आहे. बारा-तेरा वर्षं फॉर्म भरून माझी अशी समजूत झाली होती की प्रत्येक नुकसानीला कुठंतरी एक रकाना असतोच, फक्त तो हुडकता आला पाहिजे. ती समजूत यंदा फेब्रुवारीत गेली.

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सोमवार, 24 फेब्रुवारी. दुपारी तीनच्या सुमाराला पायथ्याच्या बरडाकडून धूर दिसला. आधी वाटलं, कुणीतरी बांध पेटवलाय. पाचेक मिनिटांत धुराचा रंग बदलला. बांधाचा धूर पांढरा आणि आळशी असतो. हा पिवळसर, घाईतला होता. वाऱ्यानं पाठ दिली आणि जाळ चढाला लागला. चढाला लागलेला जाळ कसा पळतो हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. वरचं गवत जाळ पोचायच्या आधीच त्याच्या आचेनं वाळून तयार असतं. उतार दहा अंशांनी वाढला की जाळाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा हिशेब वणव्याचे अभ्यासक मांडतात. आमचे आबा त्याच गोष्टीला "इस्तू शिडी चढतो" म्हणतात.

आता विझवायला कोण होतं ते ऐका. फेब्रुवारीत आमचं गाव गावात नसतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोयते, भांडी, लेकरं, बैल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, पाडव्याच्या मागंपुढं परततात. म्हणजे 15 फेब्रुवारीला तुमचा वणव्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा गवत कापू शकणारे सगळे हात दुसऱ्याच्या उसात असतात. गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि माझ्यासारखे दुकानवाले. बीड जिल्ह्यातल्या स्थलांतरावर पुष्कळ लिहून आलंय, शाळा सुटण्यावर, बायकांच्या आरोग्यावर, आणि ते यायलाच हवं. पण या दोन वेळापत्रकांची अशी गाठ पडते, हे मी तरी कुठं वाचलेलं नाही.

तर त्या दिवशी आम्ही जमेल तेवढे गेलो. लिंबाच्या डहाळ्या, ओली पोती, दोन फवारणीचे पंप. दहावीची पोरं होती, त्यांची परीक्षा चालू होती. त्यांना परत पाठवलं तर ती दुसऱ्या वाटेनं वर चढून आमच्याआधी जाळापाशी उभी. डहाळीनं झोडपायचं असतं ते वरून खाली नाही, बाजूनं, जळालेल्या अंगाकडं लोटत. नाहीतर ठिणग्या पुढं उडतात आणि आपणच नवा वणवा लावतो. हे पोरांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आबा खालून शिव्या देत शिकवत होते. शेवटी त्यांनीच सांगितलं, "गाडीवाट धरा अन् समोरून जाळ घ्या." म्हणजे वाटेच्या कडेनं आपणच गवत पेटवायचं, ते वणव्याकडं सरकू द्यायचं, दोन जाळ एकमेकांना भिडले की खायला काही उरत नाही. वारा फिरला असता तर आम्ही मधे सापडलो असतो. फिरला नाही. रात्री आठच्या पुढं वारा पडला आणि जाळ गाडीवाटेवर येऊन मेला.

त्या पाच तासांत मी चार ठिकाणी फोन केले. एका कार्यालयानं गट नंबर विचारला आणि सांगितलं, हे क्षेत्र आमच्या हद्दीत येत नाही, गायरान आहे. दुसऱ्यानं सांगितलं, वणवा हा वनखात्याचा विषय आहे. तिसरीकडं फोन वाजत राहिला. चौथ्या फोनवर तालुक्याच्या गावाहून बंब निघाला. बिचारा आलाही, आणि डांबरी रस्त्यावर थांबला, कारण त्याचा पाइप डोंगर चढत नाही. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करायला शिकलो होतो. आमच्याकडं बंब बरोबर रामेश्वरीच आला होता, तरी म्हण खरी ठरली. बंबावरच्या पोरांनी मात्र पाण्याची टाकी आमच्या कॅनमध्ये ओतून दिली, हे नमूद करतो. शेजारच्या बीटाचा वनरक्षकही हद्द सोडून पाठीवर ब्लोअर घेऊन आला. त्याच्याकडं स्वतःचंच केवढं क्षेत्र आहे ते मला ठाऊक आहे, आणि हद्दीबाहेर गेल्याचा जाब त्याला विचारू नये, एवढी या पत्रातली एक पोटविनंती समजा.

सकाळी हिशेब झाला. कडब्याच्या दोन बनमी, म्हणजे गंजी, गेल्या. ज्वारी नुकती निघाली होती, म्हणजे वर्षाचा चारा. एकाचे ठिबकचे पाइप वितळून जमिनीला चिकटले. डोंगरउतारावरची सीताफळं करपली. एका काकूंच्या दोन शेळ्या खोऱ्यात कोंडल्या गेल्या.

मी कामाला लागलो. काम म्हणजे माझं काम, फॉर्म.

सीताफळापासून सुरुवात केली. पीक विम्यात तेव्हा स्थानिक आपत्तीची यादी होती. गारपीट, भूस्खलन, पाणी साचणं, ढगफुटी आणि वीज पडून लागलेली नैसर्गिक आग. यातलं 'वीज पडून' महत्त्वाचं. फेब्रुवारीच्या निरभ्र आभाळातून कोणती वीज पडणार? शिवाय ही सीताफळं कुणी लावलेली बाग नव्हतीच, डोंगरानं आपली आपण वाढवलेली. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या उतारांनी ती चव दिली, त्यांतले कितीतरी उतार कोणाच्याच सातबाऱ्यावर बाग म्हणून नाहीत. सातबारा काढला तर डोंगराकडची पट्टी 'पोटखराबा'. खराब जमीन आणखी काय खराब होणार? गायरानाचा मालक सरकार, सरकार स्वतःच्या नुकसानीचा अर्ज माझ्या दुकानात येऊन भरत नाही. महसुलाचे एकवीस गाव नमुने आहेत. पीक, पाणी, झाड, वारस, वसुली असं काय काय त्यांत बसतं. जळालेल्या गायरानासाठी वेगळा नमुना नाही.

शेळ्यांचं तर ऐकाच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत 'आग' ही आपत्ती आहे, दुष्काळ-पुराच्या रांगेत, नाव घेऊन. लहान जनावरामागं 4,000 रुपये असा दरही आहे. बाजारात शेळी त्याच्या दुपटीला येते, पण तो वाद आज नको. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, गोठा कुठाय? गोठा नव्हता. शेळ्या चरायला डोंगरावर गेल्या होत्या. मग आग कशाला लागली म्हणून लिहू? काकू म्हणाल्या, "डोंगराला." तो थोडा वेळ कागदाकडं बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडंही जागा नव्हती.

त्या रात्रीपासून मी एक वही घातली. आसपासच्या गावांतून कुणाचा फोन आला, कुणी फोटो पाठवला, की तारीख, वेळ, गट नंबर, अंदाजे किती जळालं, कसं विझलं, असं लिहायचं. मेच्या पावसापर्यंत वहीत अकरा नोंदी झाल्या. ही काही शास्त्रीय मोजणी नाही, एका दुकानदाराची वही आहे. पण वही घातल्यावर मला आणखी एक खाज सुटली, की हे अकरा वणवे वरून कुणाला दिसले का?

देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहांवरून आगी टिपतं आणि राज्यांच्या वनखात्यांना मोबाइलवर इशारे पाठवतं. नासाचा नकाशा तर कुणीही उघडून बघू शकतो. मी बघितला. ज्या कॅमेऱ्यावर सगळा भर आहे त्याचा एक ठिपका म्हणजे 375 मीटर बाजूचा चौकोन, साधारण 35 एकर. छोटी आगही तो पकडतो, पण त्या क्षणी ती पेटलेली पाहिजे. आणि हे उपग्रह आपल्या डोक्यावरून जातात दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास. आमचा वणवा तीनला लागला, आठला विझला. गवताचा जाळ लाकडाच्या जाळासारखा रात्रभर धुमसत नाही, खातो आणि निघून जातो. नकाशावर 24 फेब्रुवारीला आमच्या डोंगरावर काही नव्हतं, कोरा. आम्ही पाच तास जिथं भाजून निघालो तिथं जगाच्या लेखी काहीच घडलं नव्हतं.

ठिपका पडला असता तरी काय? इशारे वनक्षेत्रापुरते. देशात 'वनाच्छादन' धरायचं तर एक हेक्टरहून मोठी जागा आणि तिथं किमान 10 टक्के झाडांची सावली लागते. आमच्या उतारावर गवत, मधूनच एखादा खैर, हिवर, बोरीचं झुडूप. म्हणून लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही भरत नाही. म्हणून मराठवाडा म्हटलं की मुंबईतल्या माणसाला वणवा आठवतच नाही, टँकर आठवतो. किनवट-माहूरचा सागवानी पट्टा, पैनगंगेचं अभयारण्य, गौताळा, येडशी, नायगाव मयूर, एवढी नावं वनखात्याच्या नकाशावर हिरवी. बाकीचा मराठवाडा जळाला तरी तो 'वन' म्हणून जळत नाही.

देशाचा आकडा आहे. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या वनस्थिती अहवालात नोव्हेंबर 2023 ते जून 2024 या काळातले आगीचे 2,03,544 ठिपके मोजलेत, आणि त्यांत महाराष्ट्र सोळा हजारांच्या वर, पहिल्या पाच राज्यांत. ठिपके म्हणजे वणवे नव्हेत, एका मोठ्या वणव्याचे अनेक ठिपके पडतात. तरी निदान काहीतरी मोजलं गेलं. कॅनडाचं बघा. 2023 मध्ये तिथं दीड कोटी हेक्टरांच्या वर जंगल जळालं. मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून साधारण साडेचौसष्ट लाख हेक्टर होतात. म्हणजे तिथं दोन मराठवाडे जळाले आणि वर आणखी काही जिल्हे. या जानेवारीत लॉस एंजेलिसची घरं जळताना आमच्या बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांनी मोबाइलवर बघितली, कुणाच्या बंगल्याची किंमत किती यावर चर्चा झाली. महिन्यानं आमचा डोंगर पेटला तो तालुक्याच्या गावातसुद्धा कळला नाही. आमचं नुकसान कॅनडाच्या पासंगालाही पुरणार नाही, ते मान्य. पण ते किती आहे, एवढं तरी आपल्याला सांगता यावं की नाही?

'गवतच तर जळतं, पावसात परत येतं' असं मला एका साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. गवत येतं, साहेब. कोणतं येतं ते बघायला कुणी वर चढत नाही.

आमच्या उतारावर पवन्या होता, मारवेल होता. मारवेलीची पेंढी बैलापुढं टाकली तर तो कडब्याकडं बघत नाही. दरसाल जाळ आणि त्यावर दरसाल चराई, असं झालं की या जाती मागं हटतात आणि कुसळी पुढं येते. कुसळीची करामत बघण्यासारखी आहे. तिच्या बीला लांब पीळदार शेपटी असते. हवेतली ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो, आणि या हेलकाव्यात बी स्क्रूसारखी फिरत स्वतःला जमिनीत घुसवते. वरून जाळ निघून जातो तेव्हा ती खाली निवांत असते. म्हणजे 'कोवळे कोंब फुटतील' म्हणून जो मेंढपाळ गवत पेटवतो, तो स्वतःच्या मेंढरांसाठी कुसळांची पेरणी करतो. तीच कुसळं पुढं लोकरीतून कातड्यात घुसतात, तोंडात रुततात, मेंढरू चारा सोडतं. हे त्यालाही माहीत आहे. पण कोंब पंधरा दिवसांत दिसतात आणि कुसळं दोन-चार वर्षांनी डोईजड होतात. अशा हिशेबात आपण सगळेच फसतो.

माळटिटवी मार्चपासून उघड्या माळावर, साध्या खळग्यात अंडी घालते. धाविकही तसाच. तित्तर, लावा, चंडोल, सगळ्यांचा संसार जमिनीवर. वहीतल्या एप्रिलच्या एका नोंदीखाली मी लिहिलंय, 'टिटवी रात्रभर ओरडत होती.' याचा कोणत्या खात्याशी संबंध येतो मला माहीत नाही. लिहून ठेवलं.

आता तुमच्या खात्यांशी ज्याचा नक्की संबंध येतो ते सांगतो. मेच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या ओढ्याला आलेलं पाणी काळं होतं, शाईसारखं. दुसऱ्या दिवशी ते तांबूस झालं. पहिल्या दिवशी राख गेली, दुसऱ्या दिवशी माती. बालाघाटाच्या उतारावर मातीचा थर वीतभर, कुठं कुठं त्याहून कमी, खाली मुरूम नाहीतर कातळ. गवताची मुळं हीच त्या मातीची शिवण. वर आच्छादन नसलं की पावसाचा थेंब मातीला सरळ फोडतो. ती माती थांबते पाझर तलावात. मग 2017 पासून चालू असलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून आपण पोकलेन लावून ती उपसतो, ट्रॅक्टरनं शेतात नेतो आणि उद्घाटनाचा फोटो काढतो. योजना चांगलीच आहे, मी स्वतः तिचे अर्ज भरलेत. पण वरची तोटी चालू ठेवून खाली बादलीनं पाणी उपसायचं, हे किती वर्षं? मांजरा पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, धनेगावच्या धरणात अडते आणि लातूरच्या नळाला येते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते याच लातूरला. वर कुठला उतार जळाला याच्याशी खालच्या शहराचं काही देणंघेणं नाही असं मानायचं असेल तर गोष्ट वेगळी.

झाडं लावण्याचंही तसंच. 2019 मध्ये राज्यात 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. आमच्या डोंगरावरही खड्डे झाले, फोटो झाले, अक्षांश-रेखांशासह नोंद झाली. ती रोपं ज्या वर्षी जळाली त्याची नोंद मला कुणी दाखवावी.

किनवट-माहूरकडचा वणवा थोडा वेगळा असतो. तिथं सागाचा पाचोळा गुडघाभर पडतो, मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा साफ करतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून आग दिली जाते. तिथं निदान वनरक्षक आहे, जाळरेषा (आग अडवायला गवत काढून केलेली मोकळी पट्टी) आहे, 1926 या नंबरची वनखात्याची हेल्पलाइन आहे, 1927 चा भारतीय वन कायदा आहे. त्या कायद्याच्या कलम 26 नं राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, आणि कलम 79 प्रमाणं वनात चराईचे, सरपणाचे हक्क असलेल्या माणसानं वणवा विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. ब्रिटिशांनी स्वतःच्या लाकडासाठी का होईना, जबाबदारी कुणाची ते लिहून ठेवलं. गायरानावर तसली एक ओळही कुणाच्या नावावर नाही.

आता आमची बाजू, कारण एकतर्फी पत्र लिहून मला गावात राहायचं नाही. वणवा आम्हीच लावतो. मार्च-एप्रिलमध्ये बांध पेटवायचा आणि जेवायला घरी जायचं. पऱ्हाटीचे ढीग वाऱ्याच्या दिवशी पेटवायचे. आग्या मोहोळ झाडायला टेंभा न्यायचा आणि तो तिथंच विसरायचा. ससे उठवायला गवताला काडी लावणारे बहाद्दर आहेत, त्यांची नावं गावाला तोंडपाठ आहेत आणि पोलिसपाटलासमोर कुणाला आठवत नाहीत. कधीमधी तारांची ठिणगीही पडते, पण दर वेळी तारांवर ढकलून चालणार नाही. माझ्या अकरा नोंदींत बांधावरून सुटलेला जाळ सगळ्यात जास्त वेळा आहे, आणि त्यातला एक बांध माझ्या चुलत्याचा. त्यांनी ही वही वाचली आहे. त्यानंतर पंधरा दिवस ते दुकानावर फिरकले नाहीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या बैठकीत कुणी मांडेल असं वाटत नाही म्हणून लिहितो. 2023 ला पावसानं ओढ दिली, माळ उघडा पडला, पुढच्या उन्हाळ्यात जळायला काही नव्हतं. 2024 ला पाऊस चांगला झाला, सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेडकडं तर पूर आले, गवत कमरेला लागलं. यंदाचे वणवे त्या गवताचे. मराठवाड्यात आपत्ती म्हणजे दुष्काळ असं आपल्या डोक्यात बसलंय, त्यामुळं चांगला पाऊस झाला की सगळे निर्धास्त होतात, आणि वणव्याचं सरपण तेव्हाच साठत असतं. यंदा पाऊस मेमध्येच आलाय. डोंगराला आत्ताच पोपटी छटा आली आहे. पुढचा पाऊसही साथ देत राहिला तर येत्या फेब्रुवारीत गवत केवढं असेल, अंदाज करा.

मागणी फार मोठी नाही. पैशाची तर अगदी थोडी आहे.

2021 पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतःच्या पिकाचा फोटो टाकतो, जागेच्या खुणेसकट. त्यातच एक भर घाला, 'जळीत'. गायरान असो, पोटखराबा असो, वन असो, फोटो, तारीख, गट नंबर. तलाठ्यानं (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, पण बाकड्यावर अजून तलाठीच) आठवड्यात जाऊन शहानिशा करावी. वणवा लागताना उपग्रहाला दिसला नाही तरी जळाल्याचा काळा डाग लपत नाही. युरोपचा सेंटिनेल उपग्रह दर पाच दिवसांनी 10 मीटरच्या बारकाव्यानं फोटो घेतो आणि ते फुकट मिळतात. नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे, त्यांना हे डाग मोजून देणं अवघड नाही. दरवर्षी 15 जूनला जिल्ह्यानं एक पान काढावं, कोणत्या गावात किती हेक्टर जळालं. एवढंच पान.

1077 हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर आहेच. त्यावर वणव्याचा फोन आला तर हद्द नंतर विचारा. आधी माणूस पाठवा.

आणि गवत कापा. जाळरेषा वनक्षेत्राभोवती निघते, गायरानाभोवती निघत नाही. ती रोजगार हमीत बसवा, पण त्याहून साधा उपाय गवत उभं न ठेवण्याचा आहे. शेजारच्या जिल्ह्यात हिवरे बाजारनं चराईबंदी केली तेव्हा कापून न्यायची मुभा ठेवली. लोक विळा घेऊन डोंगरावर गेले, चारा घरी आला, जनावर गोठ्यात राहिलं. कापून नेलेलं गवत पेटत नाही. आमच्याकडं अडचण एकच, कापायच्या वेळेला कापणारे गावात नसतात. मुकादमाची आगाऊ उचल घेतलेला माणूस डोंगरासाठी थांबणार नाही, आणि थांब म्हणायचा मला अधिकारही नाही. पण गवत ऑक्टोबरमध्ये, टोळ्या निघायच्या आधी कापायला येतं. बी पूर्ण पडायच्या आत कापलं तर कुसळीलाही आळा बसतो. पंधरा दिवसांची मजुरी रोजगार हमीतून मिळाली तर जायच्या आधी घरात चार पैसे आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या गोठ्यात चारा. उचलही तेवढी कमी घ्यावी लागेल, हा आबांचा हिशेब आहे, माझा नाही.

वहीच्या अकरा पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तिसऱ्या पानावर काळा ठसा दिसेल, तो मशीनचा दोष नाही, लिहिताना हात धुतलेला नव्हता. काकूंच्या शेळ्यांचा अर्ज माझ्याकडं अजून तसाच पडून आहे. आपत्तीचा प्रकार ही जागा कोरी ठेवली आहे, काय लिहायचं ते कळवावं.

या विषयावर बैठक घेणार असाल तर तारीख दिवाळीच्या आधीची ठरवा. नंतर आमच्याकडून बोलायला कुणी उरत नाही.

आपला,
एक ई-सेवा केंद्रचालक
बालाघाट, 15 जून 2025